हाराखालचा कॉम्प्युटर

१

शेवटी शोभाबाईंना कळलंच.

नाही, असं काही झालेलं नाही. शोभाबाईंना काहीही कळलेलं नाही. त्या वर्ध्याला रामनगरातल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलताहेत. त्यांची सून ज्योत्स्ना शिलाई मशीनवर बसून एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवते आहे. २००६ साल संपत आलं आहे. टेलिफोन कोनाड्यात आहे, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आहे, आणि तो अजून वाजलेला नाही.

मग तो वाजला.

शोभाबाई शेंगांसकट उठल्या, पण ज्योत्स्ना आधी पोचली.

"ज्योत्स्नाताई झाडे?" आवाज तरुण होता, गोड होता, आणि हाच सगळ्यात वाईट भाग होता. "ताई, फिटची गोळी घेतली का?"

"राँग नंबर," ज्योत्स्ना म्हणाली.

"काळजी घ्या ताई. आपला शुभचिंतक." फोन बंद झाला.

"कोन होतं वं?" शोभाबाईंनी खाली सांडलेल्या शेंगा वेचत विचारलं.

"राँग नंबर."

"दिवाळीपासून राँग नंबरच येऊन राह्यला. एकाच मानसाचा दिसते."

ज्योत्स्ना परत मशीनवर बसली. सुईतला दोरा तिने काढला आणि पुन्हा तोच ओवला. लहानपणी तिला फिट यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या, गोळ्या थांबल्या नाहीत. लग्नाआधी तिने प्रफुलला सगळं सांगितलं होतं, सेवाग्रामच्या बसथांब्यावर, बस सुटायच्या बेतात असताना. प्रफुल बारदान्याचा व्यापारी, पोतं उसवून पाहायची त्याला सवय. त्याने एवढंच विचारलं, "गोळी कडू रायते काय?" आणि मग म्हणाला, "मायले मात्र सांगजो नको."

ते का, हे लग्नानंतर कळलं: शेजारच्या शकुंतलाबाईंच्या सुनेला अंगणात फिट आली, तेव्हा त्यांनी तिला पेटीसकट माहेरी पोचवलं होतं. ती बातमी घरात आली त्या वेळी ज्योत्स्ना सासूला भाकर वाढत होती. "बरं केलं," शोभाबाई म्हणाल्या होत्या. "चुलीपाशी पडली असती तं?" आणि अजून अर्धी भाकर मागितली होती.

तेव्हापासून गोळ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या खाली. हे गुपित घरात प्रफुलला ठाऊक, सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ठाऊक, आणि बॅचलर रोडवरच्या 'आरोग्यदर्पण लॅबोरेटरीज प्रायव्हेट लिमिटेड'ला ठाऊक. तिथे ती गोळ्यांसाठी रक्त तपासायला जायची. लॅबच्या भिंतीवर पाटी होती: आपली माहिती, आमची जबाबदारी.

प्रफुल बोलणार नव्हता. सावंगीच्या डॉक्टरांकडे घरचा फोन नंबरच नव्हता. उरली पाटी.

२

अॅडव्होकेट शरयू उमाळकर यांचं ऑफिस त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये होतं. कार नव्हती, गॅरेज होतं. त्या ग्राहक मंचात केसेस लढायच्या: न उगवणारं बियाणं, न फिरणारे पंखे, एकदा लग्नाला न आलेला बँड. ज्योत्स्ना साडीचा फॉल आणायला जाते म्हणून घरून निघाली आणि गॅरेजच्या दाराशी इतका वेळ उभी राहिली की शरयूबाईंनी तिला आतून आवाज दिला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कायद्यात तुला तीन दारं आहेत. पहिलं पोलिसांचं. कॉम्प्युटरचा कायदा आहे, दोन हजार सालचा. पण तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसाने करायचा नाही असं त्यात लिहिलंय, आणि साहेब बंदोबस्तात आहेत."

"कायच्या?"

"कशाच्या तरी असतातच. दुसरं दार मुंबईला. मंत्रालयात आयटी खात्याचे सचिव असतात, ते भरपाई ठरवू शकतात. वर्ध्याहून त्यांच्याकडे कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांनीही ऐकलं नसेल. तिसरं दार इथलंच, ग्राहक मंच. तू मोबदला देऊन सेवा घेतली, त्यांनी गुपित सांभाळलं नाही. सेवेतली त्रुटी. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची."

"मंग तिसरं."

"त्या दाराला एक उंबरा आहे. गुपित काय होतं ते तक्रारीत लिहावं लागतं. मग शपथपत्र. मग सुनावणी, तीही सगळ्यांसमोर. शिपाई नाव पुकारतो ते समोरच्या चहावाल्याला ऐकू जातं."

ज्योत्स्नाने ते मनात उलटंपालटं करून पाहिलं. "मंजे मह्यं गुपित फुटलं हे सांगासाठी मीच ते सगळ्यायले सांगू."

"शपथेवर," शरयूबाई म्हणाल्या.

"अन् घरच्यायनं मले काढून देलं तं? फिटवालीचं लगन टिकत नाई म्हंतात."

"तो जुना कायदा. नव्याण्णव साली तो शब्द काढून टाकला. शिवाय नवऱ्याला आधीच ठाऊक होतं, म्हणजे फसवणूकही नाही. कायदा तुला घराबाहेर काढू शकत नाही." शरयूबाईंनी चष्मा पुसला. "सासू काढू शकते. पण तो कायदा नाही."

एवढ्यात गॅरेजमधला फोन वाजला. ज्योत्स्ना खुर्चीत दचकली; आता तिला कुठलाही फोन आपलाच वाटायचा. शरयूबाईंनी उचलला, ऐकला, आणि हळूच रिसीव्हर तिच्या कानाशी नेला.

"श्रीधरराव उमाळकर आहेत का?" तोच गोड आवाज होता. "थायरॉईडची गोळी घेतली का त्यांनी?"

३

श्रीधरराव म्हणजे शरयूबाईंचे यजमान. ते गोळी घेतात हे शरयूबाईंनाही आत्ताच कळलं. त्यांनी चेहरा हलू दिला नाही.

"तुम्ही कोण?"

"शुभचिंतक. घरपोच औषधं देतो मॅडम. पहिल्या ऑर्डरवर थर्मामीटर फुकट."

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

"माझ्यासमोर स्क्रीन आहे मॅडम. मी फक्त वाचतो."

"तर मग वाचू नका."

"नाही वाचलं तर सुपरवायझर ऐकतात मॅडम," आवाज म्हणाला, आणि पहिल्यांदाच तोही घाबरलेला वाटला.

मग दोघींनी रामनगर आणि बॅचलर रोड पालथा घातला. कुणाला काय झालं आहे हे न विचारता फक्त फोन येतो का एवढंच विचारायचं, असं ठरलं होतं. प्रत्येक घरात माणूस आधी 'नाही' म्हणायचा, मग दार लोटून घ्यायचा, मग 'हो' म्हणायचा. खंडेनवमीच्या सकाळपर्यंत ज्यांनी लॅबमध्ये रक्त दिलं त्या सगळ्यांना फोन येत होते. श्रीधरराव त्या सकाळचे शेवटचे पेशंट. दसरा झाल्यावर लॅब उघडली तेव्हाचे पहिले पेशंट लहानू मास्तर. त्यांना एकही फोन आला नव्हता.

"मलेच काऊन नाई आला?" मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले. "मह्यी शुगर काय कमी आहे काय?"

म्हणजे यादी बाहेर गेली ती नवमीची दुपार ते दसरा संपेपर्यंतच्या मधल्या काळात. शरयूबाईंनी कंपनीला तसं नोटिशीत लिहिलं. उत्तर आलं ते त्यांनी आधी मनात वाचलं आणि मग मोठ्याने.

"'सदर काळात आमच्या वर्धा शाखेतील एकमेव संगणक शस्त्रपूजेत होता. हळदकुंकू व हार वाहिल्यानंतर संगणकास कोणीही हात लावत नाही. सबब माहिती बाहेर जाणे अशक्य असून आपला आरोप खोडसाळ आहे.'"

"कुलूप होतं काय त्याले?" ज्योत्स्नाने विचारलं.

"कुलूप नव्हतं. हार होता."

यावर हसावं की काय ते ज्योत्स्नाला कळेना, कारण तिला ते पटत होतं. खंडेनवमीला तिची शिलाई मशीनही पूजेत असायची. त्या दिवशी ब्लाउज शिवून द्या म्हणून खुद्द कलेक्टरीणबाई आल्या असत्या तरी तिने पायडल हलवलं नसतं. आणि लॅबमध्ये तर पूजेतल्या कॉम्प्युटरला कोणीतरी हात लावला होता.

४

लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत एसीचा गारठा होता आणि ज्योत्स्ना बाहेरूनच गार पडून आली होती. आता इथे सगळ्यांना तिच्याबद्दल ठाऊक आहे, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. लॅबच्या चाव्या तिघांकडे होत्या. शरयूबाईंनी तिघांना एकेक करून बसवलं. पंचनामा वगैरे नव्हताच; त्यांनी चिवड्याचा पुडा उघडून टेबलावर ठेवला आणि गप्पा मारल्यासारखं विचारत गेल्या.

पहिले मॅनेजर बाबाराव. कपाळाला गंध, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "पूजा मीच केली. नवमीच्या दुपारी. कुंकवाचा करंडा परत माह्या खणात ठेवला, खणाले कुलूप लावलं अन् दसऱ्याले घरच्यायले घेऊन केळझरच्या गणपतीले गेलतो. किल्ल्या ह्या कमरेले होत्या."

"आणि मग पूजा हलवली कोणी?"

पुजलेलं अवजार तसंच वापरायला घेत नाहीत. अक्षता टाकायच्या, नमस्कार करायचा, अवजार जरासं सरकवायचं. म्हणजे पूजा हलली. मगच कामाला हात लावायचा.

बाबाराव विचारात पडले. "मी आलो तं हललेलीच होती. म्हटलं डॉक्टरसाहेबांनी हलवली असन."

दुसरा ऑपरेटर अंकित. त्याच्या कानात गाण्याची वायर होती, ती त्याने एकाच कानातून काढली. "दसऱ्यानंतर लॅब म्याच उघडली. हलवली मंजे? मॉनिटर जरा सरकला होता अन् हार बाजूले होता. मले वाटलं उंदीर."

"उंदराने मॉनिटर सरकवला?"

"मोठा असन."

"आणि कीबोर्डवर तांदूळ?"

"त्याच्याचसाठी तं उंदीर वाटला." अंकितने चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला. "यादी सीडीवर कोणी कॉपी केली ते मले नका विचारू. मले करायची असती तं कामाच्या दिवशी, सगळ्यायच्या समोर केली असती. इथं कोनाले काय समजते?"

तिसरे डॉक्टर सुश्रुत, रिपोर्टवर सह्या करणारे. स्वच्छ माणूस, स्वच्छ नखं. "मी विज्ञानाचा माणूस आहे, उमाळकरबाई. मशीनला कुंकू लावणं मला मान्यच नाही. पूजा हलली काय आणि न हलली काय, मला त्यातलं काही कळत नाही."

तिकडे बाजूच्या खोलीत तंत्रज्ञ वेदश्री नेहमीच्या तपासणीसाठी ज्योत्स्नाच्या दंडाला रबर बांधत होती. ज्योत्स्नाने सुईकडे पाहायचं टाळलं आणि तिची नजर वेदश्रीच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर गेली. खिशाला गुलाबी डाग होता.

"हे काय लागलं?"

"ते होय? दसऱ्यानंतर कीबोर्डमधल्या अक्षता वेचून खिशात टाकल्या होत्या. कुंकू लागलं. कितीदा धुतलं, जातच नाही. काही दाणे अजून बटणांखाली आहेत, एक बटण तर अडकतंच."

ज्योत्स्नाने डाग चिमटीत धरून पाहिला. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईचा हात होता तो.

"वकीलबाई," तिने तशीच दंडाला रबर बांधलेली असताना हाक मारली. "हे कुंकू नाई."

५

कीबोर्ड उलटा करून झटकला. टाचणी, चिवडा, अंकितचं एक नख, आणि गुलाबी तांदळाचे काही दाणे पडले. शरयूबाईंनी बाबारावांकडून करंडा मागून घेतला, चिमूटभर कुंकू एका चिंधीला लावलं आणि नळाखाली धरलं. चिंधीवरचं कुंकू बरंचसं निघून गेलं. मग एक गुलाबी दाणा तसाच ओल्या चिंधीवर चोळला आणि तीही नळाखाली धरली. पाणी वाहत राहिलं, गुलाबी डाग तसाच राहिला.

सगळे नळाभोवती उभे होते. 

"चोर दसऱ्याला आला," शरयूबाई म्हणाल्या. "यादी चोरायची होती, पण कॉम्प्युटर पूजेत. नुसता चोर असता तर त्याने हार ओढून काढला असता. याने तसं केलं नाही. याने आधी पूजा हलवली. म्हणजे ज्याला पूजा हलवणं ठाऊकच नाही, उंदीर वाटतो, तो अंकित गेला."

अंकितने दुसऱ्या कानातलीही वायर काढली.

"पूजा हलवायला अक्षता हव्यात. तांदूळ पूजेच्या नारळाखाली होते. कुंकू हवं. बाबारावांकडे कुंकू होतं, खण उघडायची किल्लीही होती. ते चोर असते तर अक्षता कुंकवाच्या असत्या. या कुंकवाच्या नाहीत. ज्याच्या हाताशी कुंकू नव्हतं, त्याने दुसरा लाल रंग घेतला. लॅबमध्ये दुसरा लाल रंग कुठला असतो, वेदश्री?"

"काच रंगवायचा," वेदश्री म्हणाली. "सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, रक्ताची. पण ती बाटली तर..."

ती बाटली डॉक्टरांच्या कपाटात असायची, आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांच्याच खिशात.

डॉक्टर सुश्रुतांनी आपल्या स्वच्छ नखांकडे पाहिलं. "औषध कंपनीवाले सिंगापूरला नेणार होते, सहकुटुंब," ते शेवटी म्हणाले. "बायकोला विमानात बसायचं होतं. बटण दाबायला गेलो तर हात पुढे जाईना. सारखं आईचं बोलणं आठवत होतं, पूजेतल्या वस्तूला हात लावला तर हात झडतो."

"तुमचा तर विश्वास नाही म्हणालात."

"विश्वास नाहीच. भीती आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"रुग्णांची नावं विकायला भीती नाही वाटली?"

यावर डॉक्टर खरंच विचारात पडले. "त्याचं आईने काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांचा आवाज बदलला. ते ज्योत्स्नाकडे वळले आणि पेशंटशी बोलतात तितक्याच मायेने बोलले. "केस जरूर करा. मंचाचे कागद पोस्टाने घरी येतात. तुमच्याकडे पोस्ट कोण घेतं, ज्योत्स्नाताई? सासूबाई का?"

६

घरी येईस्तोवर ज्योत्स्नाने ठरवून टाकलं होतं: केस नाही करायची. चोर सापडला, पुरे झालं. डॉक्टरांनी एका वाक्यात तिन्ही दारं लावून घेतली होती. तिने फॉलची पुडी शोभाबाईंना दाखवली आणि मशीनवर बसली.

फोन वाजला.

ती उठली. शोभाबाईही उठल्या. आज दोघी एकदमच कोनाड्याशी पोचल्या आणि रिसीव्हरला दोघींचे हात पडले. म्हाताऱ्या बाईच्या हातात इतकी ताकद कुठून आली ते ज्योत्स्नाला समजेना. दोघींनी ओढलं, रिसीव्हर मध्येच अडकून राहिला, आणि आवाज दोघींच्या तोंडासमोर बोलू लागला.

"नमस्कार. आज आमच्या लक्षात आलं की या नंबरवर आपले दोन ग्राहक आहेत, तर एकाच फोनमध्ये दोन्ही विचारून घेतो. ज्योत्स्नाताई, फिटची गोळी घेतली का? शोभाबाई, साखरेची गोळी घेतली का? आपला शुभचिंतक."

रिसीव्हर कोणीच सोडला नाही. फोन कट झाल्याचा टूं टूं आवाज बराच वेळ येत राहिला.

"आई, तुमाले शुगर आहे?"

"लगनाच्या आधी काऊन नाई सांगतलं?" शोभाबाई म्हणाल्या.

"ह्यायले सांगतलं होतं."

"मी काय प्रफुल आहो?"

ज्योत्स्नाला पेटी दिसली, माळ्यावरची, माहेरहून आणलेली. "अन् तुमी काऊन लपवलं?"

"शकुंतलाबाईले शुगर निघाली तं लेकानं सैपाकघर सारं धाकट्या सुनेच्या हाती देलं. आता तिले चहा बी मांगून प्या लागते." शोभाबाई खाटेवर बसल्या. "मले वाटे, तो पोट्टा तुले सांगते का काय. म्हनून मी फोनवर पयत होतो."

"मी बी," ज्योत्स्ना म्हणाली.

शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातल्या गॅसकडे. मग पुन्हा तिच्याकडे. रात्री भाकरी त्यांनी स्वतः थापल्या.

७

पेटी माळ्यावरून खाली आली नाही. पण ज्योत्स्ना कढई उचलायला गेली की शोभाबाई मागे येऊन उभ्या राहायच्या. ती आडावर गेली की शोभाबाई आडावर. ती जरा वेळ गप्प बसली की शोभाबाई तिच्या डोळ्यांत पाहायच्या. आणि शोभाबाईंनी गुळाच्या डब्याला हात लावला की ज्योत्स्नाच्या तोंडून 'आई' निघून जायचं. घरात दोन पहारेकरी झाले होते आणि चोर कोणीच नव्हता.

एव्हाना ज्योत्स्नाने लॅबचं आणि वकीलबाईंचं सगळं सांगितलं होतं; आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शोभाबाई स्वतःहून म्हणाल्या, "चाल त्या वकीलबाईकडे." गॅरेजमध्ये त्या पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या.

"मले बी लिवा तक्रारीत. दोन नंबरवर."

"लिहिते. सगळ्यांसमोर वाचलं जाईल बरं."

"वाचू द्या. घरात वाचून झालं. बाई, हे पोरगी चांगली आहे. पाच वर्सं मी हिच्या हातचं निवांत खाल्लं. आता कढई हिच्या हाती पाह्यली का मले भेव वाटते. फिट तं तवाबी होती. भेव नव्हतं. ते डॉक्टरनं आनलं माह्या घरात. हे मले नको. हे काढून द्या म्हना."

ज्योत्स्ना खाली पाहत होती. शरयूबाईंनी पेन उचलून परत ठेवलं.

"आई, भरपाई मागता येते. कंपनीने माफी मागावी, यादी नष्ट करावी, फोन बंद करावे, हे सगळं मागता येतं. तुम्ही म्हणता तसा आदेश कोणताच मंच देत नाही."

"मांगाले काय जाते? लिवा."

शरयूबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, कोरा कागद टाइपरायटरला लावला, आणि विनंतीच्या सगळ्या कलमांच्या खाली, अगदी सरकारी मराठीत, शेवटचं कलम टाइप केलं:

"सबब मा. मंचास नम्र विनंती की, तक्रारदार क्र. १ यांस फिटचा आजार आहे ही बाब तक्रारदार क्र. २ यांनी, तसेच तक्रारदार क्र. २ यांस मधुमेह आहे ही बाब तक्रारदार क्र. १ यांनी, आदेशाच्या दिनांकापासून कायमस्वरूपी विसरून जावी, व उभयतांनी एकमेकींच्या हातचे पूर्ववत निर्धास्तपणे खावे, असा आदेश पारित व्हावा. आणि अंतिम निकाल लागेपर्यंत, अंतरिम स्वरूपात, किमान आज रात्रीच्या जेवणापुरता तरी तो तातडीने लागू करण्यात यावा."